तारखा जुळवणाऱ्या बायका

सोलापूरच्या पूर्व भागात नवा महिना एकाच दिवशी लागत नाही. पेन्शन खात्यावर पडते तो एक दिवस, रेशन दुकानात धान्य उतरतं तो दुसरा आणि विडीच्या ब्रँचमध्ये मजुरी हातात मिळते तो तिसरा. 'लाडकी बहीण'चे दीड हजार नेमके कधी येतील हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून ते आल्याशिवाय हिशेबात धरायचे नाहीत, असा इथल्या बायकांचा दंडक आहे. खर्चाच्या तारखा मात्र पक्क्या असतात. पाच तारखेला भाडं, दर सोमवारी गटाचा हप्ता, मुदतीच्या आत विजेचं बिल. पोटाला तर तारीखच नसते.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'महिनाअखेर' हा विषय दिला, तेव्हा मी सोलापूरच्या विडी कामगार बायकांकडे गेले. असंघटित म्हणवल्या जाणाऱ्या कष्टकऱ्यांमध्ये यांच्याकडे कागद जास्त आहेत. 1966 मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. घरी बसून विडी वळणारी बाईसुद्धा कामगारच, तिलाही भविष्यनिर्वाह निधी मिळाला पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये दिला. यांच्यातल्या काहींना संघर्ष करून घरं मिळाली. सोलापूरजवळ कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, पुढे रे नगरच्या तीस हजार घरांच्या प्रकल्पातली पहिली पंधरा हजार घरं जानेवारी 2024 मध्ये दिली गेली. जिथे काहीच पोचलेलं नाही तिथली उपासमार आपण वाचतो. जिथे पेन्शन, रेशन, अनुदान असं थोडं थोडं सगळं पोचलं आहे, तिथे महिना कसा निघतो, हे मला बघायचं होतं.

कन्ना चौकाच्या पुढे एका बोळात अडुसष्ट वर्षांच्या अम्मा राहतात. नाव छापू नका म्हणाल्या, म्हणून अम्माच. घरात त्या, विधवा सून आणि आठवीतला नातू. दीड खोलीचं भाडं अठराशे. आपसात तेलुगू, माझ्याशी सोलापुरी मराठी, दारावर आलेल्या भाजीवाल्याशी कानडी. अम्मांची पेन्शन हजार, सुनेच्या विड्यांचे साडेचार ते पाच हजार आणि आले तर 'लाडकी बहीण'चे दीड हजार. सगळं वेळेवर आलं, तर सात-साडेसात हजार.

"पैसा कमी हाय, ते हायच की ताई," अम्मा म्हणाल्या. "पर तो येळेवर येत न्हाई, त्याचा तरास जास्ती."

पुढचे दिवस मी या एका वाक्यामागे फिरत राहिले.

सत्तरने भागायचं

अम्मांनी बाराव्या-तेराव्या वर्षी सूप मांडीवर घेतलं. तेंदूचं पान भिजवायचं, पत्र्याच्या मापाने कातरायचं, चिमूटभर तंबाखू घालून वळायचं, तोंड दाबून बंद करायचं, दोरा बांधायचा. पंचवीस विड्यांचं एक बंडल. हात चपळ असेल तर दिवसाला आठशे, हजार. मजुरी हजार विड्यांवर ठरते, पण ती सगळी हातात पडत नाही. ब्रँचमधून मिळालेली पानं फाटकी निघाली, कमी पडली, तर हजाराचा आकडा भरण्यासाठी पानं स्वतःच्या पैशांनी विकत आणायची. परत केलेल्या विड्यांतून 'छाट' निघते, म्हणजे नापसंत विड्या बाजूला काढल्या जातात. त्यांचे पैसे मिळत नाहीत. पान सरकारी जंगलातलं, तंबाखू कारखानदाराचा आणि तोट्याची जबाबदारी वळणारीची, अशी ही वाटणी आहे. ती मला आजही न्याय्य वाटत नाही.

चाळीस-पंचेचाळीस वर्षं विड्या वळून हजार रुपये पेन्शन कशी काय, याचं उत्तर एका गणितात आहे. कर्मचारी पेन्शन योजना नोव्हेंबर 1995 मध्ये आली. तिचं सूत्र असं: पेन्शनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षं, भागिले सत्तर. समजा, एखाद्या बाईचं सरासरी मासिक वेतन 2,500 रुपये धरलं गेलं. सेवा वीस वर्षं, त्यावर दोन वर्षांचा बोनस, म्हणजे बावीस. 2,500 ला 22 ने गुणून 70 ने भागलं की साधारण 786 रुपये येतात. म्हणजे मजुरी आधीच कमी, आणि तिच्याही तिसऱ्या हिश्शाहून कमी रक्कम म्हातारपणाला. त्यातही जितका काळ नाव रजिस्टरवर नव्हतं, तितकी वर्षं गेलीच. आईच्या किंवा सासूच्या नावावर विड्या देत घालवलेली वर्षं या सूत्रात कुठेच बसत नाहीत, आणि पूर्व भागात तशी वर्षं काढलेल्या बायका बोळाबोळांत आहेत.

सप्टेंबर 2014 पासून किमान पेन्शन हजार रुपये झाली. त्याआधी बायकांना याहून कितीतरी कमी मिळत होतं, म्हणून तेव्हा हजाराचा आनंद झाला. आधी, 2013 मध्ये, भगतसिंह कोश्यारींच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीने किमान तीन हजारांची शिफारस केली होती. बुलढाण्यातून उभं राहिलेलं ईपीएस-95 पेन्शनधारकांचं आंदोलन साडेसात हजार आणि त्यावर महागाई भत्ता मागतं. या पेन्शनला महागाई भत्ता नाही. त्यामुळे 2014 चा हजार आजही हजार आहे, आणि त्यात येणारी डाळ दरवर्षी थोडी कमी होते.

पंधरा किलो

अम्मांच्या शिधापत्रिकेवर तीन नावं आहेत. अन्न सुरक्षा कायद्यातल्या प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य मिळतं, म्हणजे महिन्याला पंधरा किलो गहू-तांदूळ. जानेवारी 2023 पासून ते फुकट आहे. त्याआधी गहू दोन आणि तांदूळ तीन रुपये किलो होता, म्हणजे फुकट झाल्याने या घराचे महिन्याला तीस-चाळीस रुपये वाचले. खरा आधार फुकटपणाचा नाही, ते धान्य मिळण्याचाच आहे. हेच पंधरा किलो दुकानातून आणायचे तर पाचशेच्या वर जातील. शहरात राहून या योजनेला नाकं मुरडणाऱ्यांनी अम्मांच्या घरातला पत्र्याचा डबा एकदा उघडून बघावा.

पण कष्टकरी माणसाला महिन्याला आठ-दहा किलो धान्य लागतं, कारण ताटात डाळ, भाजी, दूध, अंडी कमी असली की पोट धान्यावरच भरावं लागतं. त्यामुळे डबा सतरा-अठरा तारखेला वाजायला लागतो. अम्मा तांदळाचे दोन भाग करतात. रोजच्या भातासाठीचा हाताशी ठेवतात, दुसरा कपाटावर. तो वीस तारखेच्या आत काढायचा नाही. गहू सगळा दळत नाहीत, लागेल तसा दोन-दोन किलो गिरणीत देतात, म्हणजे पीठ संपलं तरी डब्यात काही आहे हे माहीत असतं.

सोलापूरचं खरं अन्न ज्वारी. मंगळवेढ्याची मालदांडी इथून जवळ, पण तिच्या दरामुळे अम्मांच्या घरी ती सणाला येते. शेजारची लिंगायत आजी कडक भाकरी करते. पातळ भाकरी थापून, भाजून, खडखडीत वाळवली की कितीतरी दिवस टिकते. कुस्करून आमटीत भिजवली की जेवण. ती नातवाला अधूनमधून चार भाकऱ्या देते, आणि अम्मा तिला रेशनचा तांदूळ देतात. आजीला भात लागत नाही, आणि अम्मांच्या घरी भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. दोघींचा हा व्यवहार कुठल्या वहीत नाही, पण कुणाच्या भाकरीवर कुणाचा किती तांदूळ निघतो, हे दोघींना तोंडपाठ आहे.

भाजीला अम्मा संध्याकाळी उशिरा जातात. दिवस मावळल्यावर उरलेला माल परत न्यायचा नसतो, तेव्हा वाटे मोठे होतात. टोमॅटो मऊ असतात, मेथीची जुडी सुकलेली असते. निवडायला वेळ लागतो, पण वेळ अम्मांकडे आहे. शेंगदाण्याची चटणी मात्र घरात कायम. भाजी नसली तरी तिच्यावर जेवण होतं. महिनाअखेरीला सलग तीन-चार दिवस ती आणि भात एवढंच असतं, हे सांगताना सून एकदाच थांबली. नातू डबा शाळेत उघडत नाही, घरी आणून खातो, असं ती म्हणाली.

दहाचं तेल

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मी काही वेळ उभी होते. दहा रुपयांचं तेल, पाच रुपयांची चहापूड, दहाची साखर, एक बट्टी साबण, दोन अंडी. पाऊण तासात कुणीही किलोभर काही नेलं नाही. हिशेब केला तर तेल बाजारभावापेक्षा किलोमागे बरंच महाग पडतं. चहापूडही. शाम्पूची रुपयाची पुडी तेवढी अनेकदा बाटलीपेक्षा स्वस्त निघते, पण शाम्पूवर घर चालत नाही.

एकदम किलोभर घेतलं तर वाचेल, हे अम्मांना कुणी सांगायला नको. लिटरभर तेलाला लागणारे दीडशे रुपये एका दिवशी तेलात घातले, तर त्या दिवशीची डाळ कुठून आणायची? आणि घरात लिटरभर तेल दिसलं की हात सैल होतो, हेही त्या बोलून दाखवतात. दहाचं तेल दोन दिवस पुरवायचंच असतं. रोज थोडं विकत घेणं महाग असलं, तरी त्यात एक बांध आहे. ज्याला बचत म्हणतात ती त्यांच्या घरी अशा जादा किमतीच्या रूपाने भरली जाते.

दुकानदाराची उधारी हा वेगळा विषय. त्याच्या वहीत अम्मांचं पान आहे. मजुरीच्या दिवशी सून आधी तिथे जाते, मग घरी. उधारीवर तो व्याज लावत नाही, पण उधारीचं गिऱ्हाईक भाव विचारत नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. तरी तो नसता तर काय झालं असतं, या प्रश्नावर अम्मा फक्त हात जोडतात. गल्लीतल्या बारशा-मयताला तो येतो, आणि पंचवीस तारखेनंतरही तेल देतो.

गरिबांचा पैसा कसा फिरतो याचा सूक्ष्म अभ्यास डॅरिल कॉलिन्स, जोनाथन मॉर्डक, स्टुअर्ट रदरफोर्ड आणि ऑर्लांडा रुथवेन यांनी भारत, बांगलादेश आणि दक्षिण आफ्रिकेतल्या कुटुंबांकडून वर्षभर रोजखर्चाच्या नोंदी घेऊन केला. तो 2009 मध्ये पुस्तकरूपाने आला. त्यांच्या अभ्यासातलं एकही कुटुंब पैसे ठेवण्या-आणण्याचे चारपेक्षा कमी मार्ग वापरत नव्हतं. अम्मांच्या घरी मी मोजायला लागले, तर किराणा वही, गटाचं कर्ज, भिशी, बँकेचं खातं, शेजारणीकडून हातउसने, सुनेच्या कानातलं गहाण आणि घरमालकाने पुढे ढकललेलं भाडं एवढे निघाले. पोस्टात एक जुनं खातंही आहे. त्यात एकशे चाळीस रुपये आहेत.

आधी पैसे, मग अनुदान

योजना कागदावर गरिबाच्या बाजूच्या आणि तारखेत त्याच्या विरोधात कशा जातात, याचं गॅस हे ढळढळीत उदाहरण. सिलिंडर साडेआठशेच्या पुढे आहे. 'उज्ज्वला'चं तीनशे रुपयांचं अनुदान मिळतं, वर्षातून तीन सिलिंडरचे पैसे राज्याच्या 'अन्नपूर्णा' योजनेतून येतात. पण ते खात्यात येतात नंतर. दारात आलेल्या माणसाला पूर्ण पैसे त्याच वेळी द्यायचे असतात. ज्या घरात वीस तारखेनंतर तीनशे रुपये एकत्र दिसत नाहीत, तिथे साडेआठशे उभे करायचे कसे? म्हणून सिलिंडर महिनाअखेरीला संपू नये, अशी कसरत असते. डाळ भिजवून शिजवायची, भात एकदाच लावायचा, अंघोळीचं पाणी चुलीवर. चुलीत पानांच्या कातरणी जातात. त्यांचा धूर कडवट असतो आणि आयुष्यभर तंबाखूची धूळ खाल्लेल्या अम्मांच्या छातीला तो सोसत नाही. अनुदानाची रक्कम वजा करून उरलेलेच पैसे दारात घेतले असते, तर सरकारला एक रुपयाही जास्त लागला नसता. मग हे असं का केलं जात नाही, याचं समाधानकारक कारण मला कुठे सापडलं नाही.

विजेचंही तसंच. दोन दिवे, एक पंखा, नातवाच्या अभ्यासासाठी एक बल्ब. वापर नगण्य, पण साध्या घरगुती जोडणीला स्थिर आकार म्हणून शंभराच्या वर रुपये भरावेच लागतात. पेन्शनचा दहावा हिस्सा दिवा लागण्याआधीच गेला.

आणि गोळ्या. सरकारी दवाखान्यात रक्तदाबाच्या गोळ्या फुकट आहेत. त्या कधी असतात, कधी 'पुढच्या आठवड्यात या' असं सांगितलं जातं. पुढच्या आठवड्याचं रिक्षाभाडं धरलं नसलं, की अम्मा उरलेल्या गोळ्या दिवसाआड घेतात. पैसे पुरवायची सवय गोळ्यांनाही लागली आहे. हे धोक्याचं आहे, असं मी सांगितलं. त्यांना ते माहीत होतं.

बोटांचे ठसे

हजार रुपये मिळवायलाही दरवर्षी एकदा जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं. हयातीचा दाखला आता अंगठा लावून देता येतो, 2014 पासून ही सोय आहे. विडी वळणाऱ्या बाईच्या बोटांवरच्या रेषा मात्र पन्नास वर्षांच्या पानांनी घासून गेलेल्या असतात. यंत्र ठसा घेत नाही. तेल लावा, पुसा, दुसरं बोट द्या, उद्या या. अम्मांच्या ओळखीतल्या एकीची पेन्शन याच कारणाने काही महिने अडकली होती. चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय 2021 च्या नोव्हेंबरात आली. त्यासाठी चांगला फोन लागतो आणि तो चालवणारं कुणी लागतं. अम्मांचा नातू आता बोळातल्या सगळ्या म्हाताऱ्यांचे दाखले भरून देतो. मोबदला घेऊ नको, असं आजीने बजावलं आहे.

रेशनलाही अंगठा, पैसे काढायलाही अंगठा. बँक लांब, म्हणून गल्लीतल्या केंद्रावर पाचशे-पाचशे करून काढायचे. तिथे माणूस कधी दहा रुपये ठेवून घेतो. तक्रार करायला जायचं तर त्याहून जास्त भाडं लागतं.

पासष्ट हे इथल्या बायकांसाठी अवघड वळण आहे. 'लाडकी बहीण' योजना पासष्टाव्या वर्षी थांबते. 'श्रावणबाळ' पासष्टाव्या वर्षी सुरू होऊ शकते, तेही दीड हजार. पण एक थांबली म्हणून दुसरी आपोआप सुरू होत नाही. नवा अर्ज, वयाचा पुरावा, रहिवासी दाखला आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत असल्याचा तहसीलचा दाखला. म्हणजे महिन्याला साडेसतराशे. सून कमावती असेल तर हे बसतच नाही. अम्मांचा अर्ज याच कारणाने परत आला. सुनेचे विड्यांचे पैसे 'कुटुंबाचं उत्पन्न' ठरले. कागदावर सासू सुनेच्या जिवावर आहे, आणि घरात सुनेला अधूनमधून सासूच्या पेन्शनमधून भाडं भरावं लागतं.

भिशीचा नंबर

गटाच्या कर्जाची कथा निराळी आणि कडू. अम्मांच्या मुलाच्या आजारपणात काढलेलं, दर सोमवारी हप्ता. एकीने चुकवला तर बाकीच्यांनी भरायचा, त्यामुळे वसुली शेजारीणच करते. कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त रक्कम हप्त्यांत जाता कामा नये, असा रिझर्व्ह बँकेचा 2022 पासूनचा नियम आहे. या घराच्या बाबतीत निम्मे म्हणजे साडेतीन हजार. तेवढे देऊन उरलेल्यात कोण जगेल, हे नियम करणाऱ्यांनी ठरवलेलं नाही. हप्त्याला कमी पडले की खासगी माणसाकडून शेकडा पाच, कधी दहा. हे दर महिन्याचे असतात, वर्षाचे नव्हेत. सावकारीचा राज्याचा कायदा 2014 पासून आहे, पण तो या बोळात कुणी पाहिलेला नाही.

भिशीबद्दल बोलताना मात्र अम्मांचा आवाज बदलला. बारा बायका, महिन्याला तीनशे. दर महिन्याला एकीला छत्तीसशे. कुठल्याही बँकेने या बायकांना एवढी मोठी रक्कम एवढ्या कमी कागदांवर दिलेली नाही. चिठ्ठ्या टाकतात, पण चिठ्ठ्यांच्या आधी बोलणं होतं. कुणाच्या घरी बाळंतपण आहे, कुणाच्या घराचा पत्रा गळतोय, कुणाची मुलगी माहेरी येणार. गरज पटली तर चिठ्ठीशिवाय नंबर देतात, आणि कुणाला आधी द्यायचं यावरून भांडणंही होतात. उरलेल्यांची चिठ्ठी. भिशीचे तीनशे अम्मा पेन्शन आल्याच दिवशी देतात. हातात राहिले तर ते राहणार नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

दिवाळीचा महिना

दिवाळीची तयारी इथे श्रावणापासून सुरू होते, कारण मधे नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव आणि दसऱ्याआधीचा बतुकम्माचा सण असतो, आणि दोन्हीला घरात काहीतरी गोड लागतंच. किराणा दुकानदाराकडे आठवड्याला वीस रुपये जमा करायचे, दिवाळीला त्याचं सामान घ्यायचं. 2022 च्या दिवाळीपासून सरकारने शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेलाचा 'आनंदाचा शिधा' दिला. बायकांनी तो मोठ्या हिशेबाने वापरला. रव्याचे लाडू, डाळ दळून बेसन, तेल पुढच्या पंधरा दिवसांना. 2025 च्या दिवाळीत तो मिळाला नाही. जे एकदा हिशेबात धरायला शिकवलं आणि मग काढून घेतलं, त्याचा खड्डा पहिल्यापेक्षा मोठा पडतो.

बाहेरून बघणाऱ्याला सणाचा खर्च उधळपट्टी वाटतो. "कर्ज आहे तर लाडू कशाला?" असं विचारणारे मला भेटले. सोलापुरात नाही, पुण्यात. अम्मांची लेक अक्कलकोट रोडला दिलेली आहे. तिला साडी नाही, निदान ब्लाउजपीस द्यायचं, जावयाला टॉवेल. ती येताना डाळ, शेंगा घेऊन येते. ज्या नात्यांनी अडीनडीला पाचशे रुपये उभे करायचे असतात, ती सणाला जपावी लागतात, आणि त्यापलीकडे, अम्मांना लेकीला लाडू खायला घालायचा असतो. याला आणखी कुठलं कारण लागत नाही.

या दिवाळीला सुनेने ब्रँचमधून बोनसचे पैसे मिळाल्याबरोबर कानातलं सोडवून आणायचं ठरवलं होतं. अम्मा नको म्हणाल्या. आधी सोमवारचे मागे राहिलेले हप्ते भर, कानातलं तिथे सुरक्षित आहे. सून गप्प बसली, मग म्हणाली, व्याज चढतंय त्याचं काय? दोघींनी बराच वेळ आकडे मांडले. शेवटी दोन हप्ते भरायचे आणि उरलेल्यातून फक्त व्याज देऊन ठेवायचं, असं ठरलं.

भिशीचा नंबर अम्मांनी जूनचा मागून घेतला आहे. दिवाळीचा घ्या, असा बायकांचा आग्रह होता. जूनमध्ये नातू नववीत जाईल, वह्या, गणवेश, बूट आणि दहावीची तयारी म्हणून कसली तरी शिकवणी लावावी लागेल, असं शाळेतल्या बाईंनी आत्ताच सांगून ठेवलंय.